चातुर्मासातील स्वयंपाकघर : कोरडा ओटा, झाकलेला डबा

ज्येष्ठ सरत आला आणि पावसाची संततधार लागली, की घराघरांतील स्वयंपाकघराचे रूप पालटू लागते. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पापडाच्या डब्याचे झाकण उघडताच कुबट वास येतो, फळीखालच्या कोपऱ्यात भिंतीवर करडे डाग उमटतात. आणि रात्री पाणी पिण्यासाठी उठलेल्या माणसाने दिवा लावताच ओट्यावरून दोन-चार झुरळे सैरावैरा पळतात. इतर घरांत अशा वेळी फवारणीचा डबा हाती घेतला जातो. जैन घरात मात्र तो हात अडखळतो. आषाढी चौदस तोंडावर आलेली असते, चार महिने अधिक यत्नाचाराने राहण्याचा संकल्प मनात असतो, आणि दिवसाचा मोठा भाग ज्या खोलीत जातो तेथेच जीवांची उत्पत्ती सुरू झालेली असते.

कोल्हापुरातील एका घरात गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न फार निकराला आला. तिसऱ्या मजल्यावरील सदनिका, सासूबाई, बँकेत नोकरी करणारी सून, तिचा नवरा आणि दोन शाळकरी मुले. धाकट्याला दम्याचा त्रास. झुरळांच्या विष्ठेतून व कातेतून जी सूक्ष्म धूळ निर्माण होते, तिने दमा बळावतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. सुनेने कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक लिहून फ्रिजच्या दारावर लावला.

“आई, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही,” ती म्हणाली, “पण पोराला रात्रभर धाप लागते. हे नुसतं बघत बसायचं का?”

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फवारलं की आहेत ती मरतील ग. पण पुन्हा येतील त्यांचं काय? येतात कशाला, ते आधी बघू. पंधरा दिवस दे मला.”

“पंधरा दिवस. मग मात्र माणूस बोलवायचा.”

या बोलण्यात दोघींपैकी कोणाचेही चुकत नव्हते. मुलाचा श्वास ही काही थट्टेची गोष्ट नव्हे. आणि फवारणीच्या वासानेही दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो, हेही खरे. परंतु सासूबाईंचा प्रश्न मूळ मुद्द्याला हात घालणारा होता. स्वयंपाकघरात जीव येतात ते तीन गोष्टींसाठी : पाणी, अन्न आणि लपण्याची जागा. शास्त्रकारांनी चूल, जाते, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा या घरातील पाच हिंसास्थानांना ‘पंचसूना’ म्हटले, त्यामागे हेच निरीक्षण असले पाहिजे. जेथे पीठ सांडते, पाणी ठिबकते, ऊब राहते, तेथेच जीव गोळा होतात आणि तेथेच माणसाच्या हातून ते मरतात. जाते आणि उखळ आता दिसत नाहीत. त्यांच्या जागी मिक्सर आणि घरघंटी आली. स्थाने मात्र तीच राहिली.

या तिन्हींत पाण्याचे महत्त्व सर्वाधिक. झुरळ अन्नावाचून कित्येक आठवडे काढू शकते, पाण्यावाचून त्याला तितके दिवस निघत नाहीत. म्हणून झुरळांचा माग काढायचा झाल्यास तो अन्नाच्या डब्यांपासून नव्हे, तर सिंकखालच्या कपाटापासून काढावा. कोल्हापूरच्या त्या घरात पहिल्या दिवशी हेच झाले. सिंकखालचे सामान बाहेर काढले, तेव्हा निचऱ्याच्या नळीच्या सांध्याखाली ठेवलेले एक जुने पातेले निघाले. नळी थेंब थेंब गळत होती, कोणी तरी कधी तरी पातेले ठेवले होते, आणि ते भरले की ओतून पुन्हा तेथेच ठेवण्याची घराला सवय लागली होती. पातेल्याच्या बाजूला किराणा मालाबरोबर आलेले पुठ्ठ्याचे खोके, त्यात कागदी व प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. पाणी, अंधार आणि लपायला पुठ्ठ्याचे पदर! फवारणीचा माणूस आला असता तरी हे पातेले त्याने हलवले नसते.

नळीच्या सांध्यातील रबरी वॉशर बदलायला प्लंबरला फार वेळ लागत नाही. तो स्वस्तही असतो. तरीही महिनोन्‌महिने गळती तशीच राहते, कारण ती दिसत नाही. दर पावसाळ्यापूर्वी एकदा सिंकखाली कोरडा कागद अंथरून रात्रभर ठेवावा. सकाळी तो ओला झाला असेल, तर गळती आहे. नळाच्या बुडाशी, जलशुद्धीकरण यंत्राच्या नळ्यांपाशी, फ्रिजच्या मागील पाण्याच्या तबकातही हात फिरवून पाहावा. फ्रिजचे हे तबक अनेक घरांत यंत्र विकत घेतल्या दिवसापासून पाहिलेले नसते. यंत्राच्या उबेने त्यातील पाणी उडून जावे अशी रचना असली, तरी पावसाळ्यात ते पुरते सुकत नाही आणि ऊब व ओलावा एकत्र मिळाल्याने झुरळांना ती जागा विशेष प्रिय होते. मिक्सरची बैठक उलटी करून पाहिल्यासही पुष्कळदा तेथे हाच प्रकार आढळतो.

पुठ्ठ्याची खोकी तर स्वयंपाकघरात आणूच नयेत. घरांत आढळणारे लहान तपकिरी झुरळ एका अंडकोशात साधारण ३० ते ४० अंडी बाळगते. पुठ्ठ्याच्या पदरांत लपून झुरळे व त्यांची पिल्ले दुकानातून घरात सहज येतात. सामान दारातच काढून घ्यावे, खोके बाहेरच ठेवावे. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरण्याची जुनी रीतही पावसाळ्यापुरती सोडून द्यावी. कागद ओलावा धरतो व त्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. नुसती पुसलेली फळी बरी.

लपण्याच्या जागांचे म्हणाल तर ओटा आणि भिंत यांमधील फट, फरशीचे उखडलेले सांधे, नळी भिंतीत शिरते तेथील भोक, ही सर्व पांढऱ्या सिमेंटने बुजवून घ्यावीत. बुजवण्यापूर्वी मात्र आत कोणी अडकलेले नाही हे पाहावे. दोन रात्री तेथे प्रकाश ठेवून, मऊ पुंजणीने हलकेच झाडून, मग सिमेंट भरावे. घाईने भोक बुजवून आतील जीवांना कोंडून मारणे ही फवारणीचीच दुसरी तऱ्हा झाली.

आता रात्रीच्या कामाविषयी. जैन आचारात उष्ट्या अन्नात ४८ मिनिटांनंतर, म्हणजे एका मुहूर्तानंतर, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती मानली आहे; म्हणून ताट धुऊन पिण्याची, भांडी खरकटी न ठेवण्याची रीत पडली. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घराला याचा एक व्यावहारिक लाभही सहज मिळत असे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. साडेसहाला जेवणे आटोपली, सातपर्यंत भांडी झाली, की ओटा, मोरी आणि फडकी यांना वाळायला तीन-चार तास मिळत. झुरळे बाहेर पडतात ती दिवे मालवल्यावर. तोपर्यंत त्यांच्यासाठी पाण्याचा थेंबही उरलेला नसे. आज नोकरीवरून परतणाऱ्या माणसाला घरी यायलाच आठ वाजतात. घरातील काहींचे जेवण सूर्यास्तापूर्वी, काहींचे त्यानंतर, मुलांचे मध्येच कधी तरी. स्वयंपाकघर बंद असे होतच नाही. सकाळी मोलकरीण येईपर्यंत भांड्यांचा ढीग सिंकमध्ये पाण्यात बुडून राहतो. चौविहाराचे पालन ज्यांना शक्य आहे त्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. ज्यांना ते नेहमी जमत नाही, त्यांनी निदान स्वयंपाकघराला तरी सूर्यास्तानंतर लवकर विश्रांती द्यावी.

या बंद करण्याला एक क्रम आहे. प्रथम ताटांतील खरकटे पुसून ओल्या कचऱ्यात काढावे, ते पाण्याबरोबर सिंकमध्ये वाहू देऊ नये. निचऱ्याच्या नळीत वाकड्या भागात जो भात व भाजीचा गाळ साचतो, त्यावरच मोरीतील चिलटांची पैदास होते. भांडी रात्री घासणे खरोखरच अशक्य असेल, तर ती पुसून, पाण्याने एकदा विसळून, कोरडी पालथी ठेवावीत. पाण्यात बुडवून ठेवू नयेत. मग सिंकच्या जाळीतील गाळ काढून जाळी उपडी ठेवावी. ओटा आधी ओल्या, नंतर कोरड्या फडक्याने पुसावा. सिंकचा तळही कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. हे अखेरचे पुसणे बहुतेक जण गाळतात आणि नेमके तेच सर्वांत उपयोगी असते. ओल्या कचऱ्याची बादली रात्री घराबाहेर किंवा घट्ट झाकणाखाली. सर्वांत शेवटी घासणी व पोतेरी पिळून दोरीवर पसरावीत. गोळा करून नळाशी ठेवलेले ओले फडके म्हणजे रात्रभर चाललेली पाणपोईच. कापसाची पातळ फडकी आठवड्यात दोनदा उकळत्या पाण्यात घालून धुता येतात. जाड स्पंजची घासणी आतून कधीच वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात तिच्याऐवजी काथ्याची किंवा तारेची जाळी वापरावी. उकळते पाणी ओतण्यापूर्वी फडके झटकून पाहावे आणि ते पाणी निवल्यावरच मोरीत सोडावे. जुन्या पिढीतील बाया गरम पाणी थेट मोरीत टाकू देत नसत, ते याचसाठी.

एवढे सगळे करायला बारा-पंधरा मिनिटे लागतात. प्रश्न मिनिटांचा नसतो, ती कोणाच्या वाट्याला येतात याचा असतो. यत्नाचार घराचा म्हणायचा आणि फडके मात्र एकाच बाईच्या हाती द्यायचे, हे योग्य नव्हे. त्या कोल्हापूरच्या घरात पहिले चार दिवस सासूबाई एकट्याच हे करीत होत्या. पाचव्या रात्री त्यांची कंबर धरली. सून बँकेच्या वर्षातील धावपळीच्या दिवसांत थकून आलेली. तेव्हा मुलाच्या वडिलांनी प्रथमच सिंक पुसायला घेतला, आणि दोन दिवसांनी जाळी उपडी ठेवायची राहिली म्हणून आईकडून बोलणीही खाल्ली. त्यानंतर ते काम त्यांच्याकडेच राहिले.

स्वच्छतेच्या उत्साहात काही ठिकाणी हात आवरावा लागतो. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत ओटा कडप्प्याचा आणि जमीन शहाबादी फरशीची असते. हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांवर लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लयुक्त द्रव टाकला, की दगडच विरघळू लागतो व काळ्या कडप्प्यावर पांढुरके चट्टे पडतात. खडबडीत झालेल्या त्या जागी पुढे तेलकट चिकटा अधिकच धरतो. संगमरवराचेही तेच. ग्रॅनाइटला एवढे भय नाही. कडप्प्यासाठी कोमट पाणी, थोडा साबण आणि लगेच कोरडे पुसणे एवढे पुरे. याउलट नळाच्या तोंडाशी व स्टीलच्या सिंकवर क्षारयुक्त पाण्याचे जे पांढरे किटण बसते, ते साबणाने निघत नाही. त्याला लिंबूसत्वच हवे. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळावे, मग घासून धुवावे. शेगडीमागच्या टाइल्सवर व चिमणीच्या जाळीवर बसलेला तेलाचा चिकटा म्हणजे उष्णतेने घट्ट झालेले तेल. त्याला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो; पण चिमणीची जाळी किंवा भांडे अॅल्युमिनियमचे असेल तर सोडा टाळावा, धातू काळा पडून झिजतो. तेथे गरम पाणी व भांड्यांचा साबण यांवर भागवावे आणि काम महिन्याऐवजी आठवड्याने करावे.

जंतुनाशकांच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम ब्लीच आणि फरशी-संडास धुण्याचे आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत, एकापाठोपाठही वापरू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो प्राणावर बेततो. दम्याचा रुग्ण घरात असेल तर तीव्र वासाचे पदार्थ स्वयंपाकघरात नकोतच.

मुंग्यांविषयी थोडेसे. त्या गंधाच्या मार्गाने येतात. रांग दिसली की आधी तिचे टोक कोठे आहे ते पाहून तेथील सांडलेली साखर वा गूळ उचलून बाहेर, रांग जेथून येते त्या बाजूला ठेवावा. मुंग्या तिकडे वळल्या की मोकळ्या झालेल्या मार्गावर साबणाच्या पाण्याचे फडके फिरवावे. गंध पुसला की दुसऱ्या दिवशी रांग येत नाही. गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवण्याची युक्ती टाळावी, पाण्यात पडून मुंग्या मरतातच. घट्ट झाकणाचा डबा हा साधा उपाय आहे.

धान्याचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण येथे जैन घराची कसोटी सर्वांत कठीण असते. टोक्याची मादी गव्हाच्या वा तांदळाच्या दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. दमट, उष्ण हवेत सुमारे महिन्याभरात पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. म्हणजे डब्यात पहिला टोका दिसतो तेव्हा कित्येक दाण्यांच्या पोटात जीव असतातच. अशा धान्याला कडक उन्हात घालणे, किंवा हल्ली सांगितले जाते त्याप्रमाणे रवा-मैदा फ्रीजरमध्ये ठेवणे, हे उपाय गुणकारी आहेत, पण ते गुणकारी आहेत याचे कारण आतील जीव मरतात, हे आहे. पुष्कळ घरांत हे अजाणता घडते. उपाय एकच : जे करायचे ते धान्य निर्मळ असताना करावे.

वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी भरण्याची पद्धत ज्या घरांत आहे, तेथे हे काम चैत्र-वैशाखातच होते. नवीन धान्य आल्याबरोबर निवडून, चाळून, उन्हात पातळ पसरून पुरते वाळवावे. दाताखाली धरल्यावर दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. सावलीत निववून मगच डब्यात भरावे. गरम धान्य भरले की झाकणाच्या आतून घाम सुटतो आणि केलेले सगळे वाया जाते. तुरीच्या डाळीला व गव्हाला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल हाताने चोळून लावतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पालाही थरांमध्ये घालता येतो, पण तो पूर्ण वाळलेला असावा. डबा काठोकाठ भरावा. रिकामी हवा जितकी कमी तितके बरे. मोठ्या कोठीतून रोज धान्य काढू नये. पंधरा दिवसांचे एकदम काढून कोठी पुन्हा बंद करावी, आणि तेही पाऊस उघडलेला असताना, कोरड्या हाताने.

ज्यांनी चैत्रात हे केले नाही त्यांनी आता पावसाळ्यात वाळवणाच्या खटपटीत न पडता, थोडे थोडे धान्य आणावे, हे उत्तम. शहरात दुकान दोन पावलांवर असताना तीन महिन्यांची डाळ घरात कशाला? पिठाच्या बाबतीत तर मर्यादा ठरलेलीच आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मुदत हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली आहे. दहा किलो पिठाची पिशवी आणून ती महिनाभर पुरवणाऱ्या घराला ही मर्यादा अवघड वाटेल. घरघंटी असेल तर मात्र ती सहज पाळता येते. फक्त घरघंटीतच एक धोका लपलेला असतो. दळण झाल्यावर दळणाच्या कप्प्यात, जाळीच्या कडेला, पिठाच्या पिशवीच्या शिवणीत मूठ-दोन मुठी पीठ उरते, आणि तीन दिवसांचे पीठ खाल्ल्याचे समाधान मानणाऱ्या घरात यंत्राच्या पोटात तीन आठवड्यांचे पीठ असते. प्रत्येक दळणानंतर वीज बंद करून मऊ कुंचल्याने सर्व झाडून काढावे, पिशवी उलटी करून झटकावी.

आणि एवढे करूनही टोके झालेच तर? धान्य सावलीत चाळावे, उन्हात नव्हे. चाळणीखाली पडलेले जीव मूठभर त्याच धान्यासह एका पसरट भांड्यात घेऊन, पाऊस व पाय लागणार नाहीत अशा आडोशाच्या जागी ठेवावेत. उरलेले धान्य खाण्यासाठी वापरू नये. धान्यात ठेवण्यासाठी पाऱ्याच्या गोळ्या पूर्वी सर्रास वापरीत. पारा विषारी आहे, त्या टाळाव्यात. गोदामात वापरली जाणारी अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी तर घरात शिरूही देऊ नये. हवेतील ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. ती घरगुती वापरासाठी नाहीच, तरी ओळखीच्या दुकानदाराकडून ‘एकच ठेवा, वर्षभर बघायला नको’ म्हणून ती आणली जाते. त्या खोलीत जीव वाचत नाहीत, माणसाचेसुद्धा.

पाणी गाळण्याचे कापड हेही देखरेखीच्या यादीत असले पाहिजे. गाळणे जाड सुती, ३६ अंगुले लांब व २४ अंगुले रुंद, आणि दुहेरी करून वापरायचे, असे माप परंपरेने ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात अनेक घरांत नळाला बांधलेली एक लहानशी पिशवी असते, जी महिनोन्‌महिने सुटत नाही. सतत ओली राहून ती बुळबुळीत होते. पाणी तिच्यातून गाळले जाते की तिच्यामुळे बिघडते, हा प्रश्नच आहे. नळाची पिशवी रोज सोडून, उलटी करून, गाळलेल्या पाण्याने हलकेच विसळून वाळवावी. दोन पिशव्या ठेवल्या की एक वाळत असताना दुसरी वापरता येते. आतील बाजू कोरडी झाल्याखेरीज पुन्हा बांधू नये.

शेगडीबद्दल दोन गोष्टी. सकाळी पेटवण्यापूर्वी बर्नरवरून व खालून पुंजणी फिरवण्याची रीत कित्येक घरांत अजून आहे. रात्री उबेला आलेले बारीक जीव त्यामुळे वाचतात. आणि ज्योत पिवळी दिसू लागली, भांड्यांचे बूड काळे पडू लागले, की बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने वा डाळीने बुजली आहेत असे समजावे. बर्नर थंड झाल्यावर काढून, गरम साबणाच्या पाण्यात भिजवून, छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत, पूर्ण वाळवूनच परत बसवावा. गॅसच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती पाहावी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. कुकरची रबरी कडी व शिटीचे छिद्र दर वेळी धुताना पाहिले जावे.

एका बाबतीत जैन स्वयंपाकघर इतरांहून सुखी आहे : कांदे-बटाट्यांची टोपली नसल्याने कोपऱ्यात कुजणारे काही नसते. लिंबांच्या वाटीकडे मात्र लक्ष असू द्यावे.

इमारतीत राहणाऱ्यांची एक अडचण येथे मान्य केली पाहिजे. आपले स्वयंपाकघर कितीही कोरडे ठेवले तरी सामायिक नळ्यांच्या पोकळीतून झुरळे येतात. मोरीच्या जाळीला रात्री घट्ट बसणारे झाकण, नळ्यांभोवतीची भोके बुजवणे आणि खिडकीला बारीक जाळी यांनी ती पुष्कळ थांबतात, पूर्णतः थांबतात असे म्हणता येणार नाही. आलेले झुरळ पेला व पुठ्ठा वापरून पकडता येते. ते पोकळीत मात्र सोडू नये. तेथून ते शेजाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्या घरी त्याची गय होईलच असे नाही. खाली उतरून, झाडांच्या बुंध्याशी पानांत सोडावे.

कोल्हापूरच्या त्या घरात नवव्या दिवशी प्लंबर आला. ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिराने. पुठ्ठे रद्दीत गेले. फ्रिज पुढे ओढून मागचे तबक धुतले, तेव्हा त्याच्या खाली मुलाच्या हरवलेल्या दोन गोट्या सापडल्या. बाराव्या रात्री सासूबाईंनी मुद्दाम दीड वाजता उठून दिवा लावला, तेव्हा ओट्यावर काहीच नव्हते. सिंकमध्ये दोन झुरळे होती. धाकट्याचा श्वासाचा पंप अजून उशाशीच होता. पण त्या आठवड्यात तो रात्री एकदाच उठला होता.

पंधरावा दिवस रविवारी आला. सकाळी सून फ्रिजपाशी उभी राहिली, कागदावरचा क्रमांक तिने पाहिला, आणि तो कागद न काढता त्यावर मोठ्या मुलाच्या शाळेचे वेळापत्रक चुंबकाने लावले. संध्याकाळी खिडकीच्या चौकटीवर एक झुरळ दिसले, तेव्हा तिने कपाटातून पेला काढला, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद त्याखाली सरकवला आणि चपला घालून तीन जिने उतरली. पाऊस पडत होता. छत्री घेऊन धाकटा तिच्यामागून निघाला.